नंदाचा पहिला शोध अहवाल

दौंडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात मी जुन्या दस्तांची पुस्तकं चाळत होते, तेव्हा मोबाइल वाजला. पुण्याच्या दवाखान्यातून फोन होता. नंदा गेली. कावीळ झाली म्हणून चार दिवसांपूर्वी स्वतःच्या पायांनी चालत गेलेली बाई... मी पुस्तक मिटलं, परत उघडलं आणि उरलेल्या नोंदी पाहून घेतल्या. ते काम खरं तर तिचं होतं. बरी होऊन आली असती, तर आधी हेच विचारलं असतं, सगळी वर्षं पाहिलीस ना?

आमची ओळख नव्वदीच्या सुरुवातीला, पुण्यात कायद्याच्या वर्गात झाली. ती खुटबावची, मी शिरूरची. कारेगावकडं कारखाने यायला लागले होते, जमिनींचे व्यवहार धडाधड होत होते आणि आम्ही ठरवून टाकलं होतं, आपण जमिनीच्याच वकील व्हायचं. घरचे म्हणत, बायांना कोण सातबारा दाखवणार? नंदा म्हणायची, "दाखवतील. न दाखवून जातात कुठं?" शेवटच्या वर्षी आम्ही शिरूरच्या एका जुन्या वकिलांकडं शिकायला बसायचो. त्यांनी एकेका जमिनीचा तीस वर्षांचा शोध घेऊन अहवाल लिहायला सांगितला. म्हणजे मालकी कुणाकडून कुणाकडं आली, मध्ये कुणाचा हक्क राहून गेला का, ते. कागदांसाठी हेलपाटे नकोत म्हणून मी मामांची जमीन घेतली, तिनं स्वतःच्या घरची. तिथंच सगळं फिसकटलं.

तिचे आजोबा वारले तेव्हाच्या फेरफारात वारस एकच, तिचे वडील, आबा. बहिणीचं नावच नाही. आणि ती बहीण, नंदाची आत्या, नवऱ्यानं टाकल्यापासून त्याच घरात भाकरी थापत होती, त्याच रानात खुरपत होती. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. बहिणीचं नाव लावायचं असतं, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नंदानं मला अहवाल दाखवला. मी वरवर चाळला आणि म्हटलं, "अगं, सराव तर आहे. ते नाव सोड ना." तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि अहवाल परत घेतला. आठवलं की अजून लाज वाटते.

आबांना लेकीचं भारी कौतुक. ओसरीवर चार माणसं बसवून म्हणाले, "वाच, काय लिवलंस." तिनं वाचलं. बहिणीचा हक्क बाकी, मालकी निर्वेध नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आपल्याच घरात खोट काढाया शिकवलं व्हय तुला?" आत्या आतून पदराला हात पुसत आल्या. "दादा, मला कायबी नको. पोरीला बोलू नका. नंदे, खोडून टाक ते."

नंदानं खोडलं नाही. एक पिशवी घेऊन शिरूरला आली ती आलीच. पुढं दोघींनी मिळून ऑफिस थाटलं, मागच्या खोलीत ती राहायची. दिवाळीला मी आमच्या घरी चल म्हणायची, ती म्हणायची, "काम राहिलंय." कसलं काम अन् कसलं काय... बारा वर्षांत आबांचा एक निरोप आला नाही, आणि हिनंही कधी विषय काढला नाही.

अंत्यविधीला आबा आले, लांब उभे राहिले आणि कुणाशी न बोलता निघून गेले. तेव्हापासून मी ऑफिसात एकटीच असते. पक्षकार येतात, जातात. मध्येच काही विचारायला म्हणून मान वर करते, तर समोर कुणी नसतं. करमत नाही, सरळ सांगते.

गेल्या आठवड्यात आत्या आल्या, एकट्या, एसटीनं. नंदाच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव लावून दे जमिनीला."

"आत्या, आता?"

"जमीन घिऊन मी काय करू गं? पर पोरगी खरं बोलली व्हती. आन् तवा मीच तिला खोड म्हणले."

"आबांना माहीत आहे?"

"सांगूनच आले."

मी अर्ज लिहायला घेतला. गाव लिहिलं, गट नंबर लिहिला, आणि अर्जदाराच्या नावाशी हात थांबला. इतक्या वर्षांची ओळख, पण माझ्यासाठी त्या नंदाची आत्याच होत्या. शेवटी विचारलं, "आत्या, तुमचं नाव काय?"

"गऊबाई," त्या म्हणाल्या.

जे नाव मी नंदाला सोडायला सांगितलं होतं, ते त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं.