शालूकाकूच्या हातातला पाना

वडिवळ्याच्या आमच्या शालूकाकूने जन्मभर विळा-खुरपं धरलं. पाना हाती आला तो पन्नाशी उलटल्यावर.

तिचे यजमान, हौशीरामआबा, खाचराच्या बांधावरून घसरले. नडगी मोडली. गावातच पट्टी बांधली, हाड वाकडं जुळलं, पाय आखूड झाला. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी हाड कापून पायाभोवती लोखंडी कड्या बसवल्या. त्यांचे नट रोज थोडेथोडे फिरवायचे, म्हणजे कापलेल्या फटीत नवं हाड भरत पाय सरळ होतो, वाढतो. हे काम घरीच करायचं होतं.

आबा ओरडणारे नव्हते. काकू नट फिरवायची तेव्हा ते गोधडीचं टोक दातांत धरायचे. एके सकाळी म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे." तिने राहू दिलं. मग असं अधूनमधून होऊ लागलं. लेक सारिका फोनवर विचारायची, तिला काकू सांगायची, फिरवलं. एक दिवस नट जागचा हलेना.

पुण्याला नेऊन एक्स-रे काढला. त्यात दिसलं, वाढ अर्ध्यावर असतानाच फट भरून हाड पक्कं झालं होतं. पुन्हा कापावं लागणार होतं. काकू डॉक्टरांना म्हणाली, "मीच थांबवलं. मला बगवत नव्हतं."

डॉक्टर रागावले नाहीत. दुखलं की फोन करा, वेग कमी करू, पण आपल्या मनाने थांबू नका, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या खेपेला काकूने एकही पाळी चुकवली नाही. पाना लावला की ती आबांना जुनं काहीतरी विचारायची. पोरवयात ते लोणावळ्याच्या स्टेशनावर करवंदं विकायचे. घाट उतरण्याआधी गाडी थांबे, तेवढ्यात पाटी रिकामी व्हायची. एका बाईने पाटीसकट करवंदं घेतली, तर घरी आईचा मार बसला होता. इतक्या वर्षांच्या संसारात काकूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गोष्ट रंगात आली की गोधडी दातांतून सुटायची.

कड्या निघाल्या. पाय किंचित आखूड राहिला, पण सरळ झाला. आबा जाड टाचेची चप्पल घालून पुन्हा खाचरावर जाऊ लागले.

या दिवाळीत मी वडिवळ्याला गेले तेव्हा काकू पडवीत एकटीच तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तवा लय बोलायचे गं. आता पाय बरा झाला, सकाळीच निगून जात्यात."

आबांची भाकरी बांधून झाली होती. ती पोचवायला कुणाला न धाडता काकू स्वतःच उठली. जेवण होईस्तोवर तिथंच बसते, म्हणाली.