बायकांचं दुखणं

आमच्या इमारतीत कुणाकडे मयत झालं की नातेवाइकांच्याही आधी शेजारच्या दादांना बोलावणं जायचं. मुलांनो, लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून तुम्ही गणपतीचं विसर्जन पाहिलंत, तेच हे दादा. मूळचे कोन गावचे, उरणच्या बंदरातून निवृत्त होऊन पनवेलला आलेले. बांबू, मडकं, गोवऱ्या कुठे मिळतात, दाखल्यासाठी कुणाला भेटायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. दारातून आत येतानाच म्हणत, "तुमी बसा, मी हाय."

त्यांची बायको सुमन चिडवायची, "लग्नात जेवून पलतान, मयताला मात्र पयले हजर."

कोपऱ्यात हुंदके देणारा मुलगा किंवा नवरा दिसला की दादा त्याच्या हाती काहीतरी देत. पाण्याची कळशी, फोन, काहीच नसलं तर दारातल्या चपला लावायला सांगत. "बाईला रडू द्याचा, बाप्याला काम द्याचा," हे त्यांचं शास्त्र. तुमचे आजोबा गेले तेव्हा तुमच्या बाबांना त्यांनी दिवसभर पळवलं होतं. मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

गेल्या वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा निलेश मोटारसायकलच्या अपघातात गेला. सुमन जमिनीवर कोसळली होती, आम्ही बायका तिला धरून बसलो होतो. दादा फोनवर बांबू मागवत होते. मी म्हटलं, "दादा, आज दुसऱ्या कुणाला करू द्या."

"कोन करील, ताई? कोनाला येते?"

दोन दिवसांनी सुमनच्या छातीत दुखू लागलं. दादांनी आणि मी तिला इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं. सुमनच्या हृदयाच्या नसा मोकळ्या होत्या. दुःखाच्या धक्क्याने हृदयाचा खालचा भाग फुगून ढिला पडला होता. हा आजार बहुतेक उतारवयातल्या बायकांना होतो आणि बऱ्याचजणी त्यातून पूर्ण बऱ्या होतात. पुरुषांना क्वचित होतो, पण झाला तर त्यांच्या जिवाला धोका जास्त असतो.

दादांनी यातलं अर्धंच घरी नेलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "बायकांचा दुखना हाय. बरा होते."

सुमन घरी आली. निलेशच्या दहाव्याची तयारी चालू असताना दादा मला जिन्यात बसलेले दिसले. कपाळावर घाम, हात छातीवर.

"दादा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला."

ते हसले. "ताई, मना बायकांचा दुखना लावता काय?"

"डॉक्टर पुरुषांबद्दलही बोलल्या होत्या. तुमच्यासमोरच."

"पोराचा दहावा होऊ दे. मंग जाव."

मी त्यांच्या भावाला सांगितलं. त्याचंही त्यांनी ऐकलं नाही. घाटावर त्यांनी पिंड ठेवले, कावळा शिवेपर्यंत उन्हात उभे राहिले आणि परतताना गाडीतच कोसळले. त्याच डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हृदय तसंच फुगलेलं होतं, पण रक्तदाब काही केल्या टिकेना. कधीपासून दुखत होतं, असं त्यांनी विचारलं.

"ताईनी जिन्यात पायला तवापासून. त्याच्या आधीचा म्हाईत नाय," भाऊ म्हणाला. "बोललाच नाय."

दुसऱ्या दिवशी दादा गेले.

पुढे मी सुमनला फेरतपासणीला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर तिचं हृदय दाखवलं. "बघा मावशी, अगदी पहिल्यासारखं चालतंय."

सुमन पडद्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "त्यांचा बी असाच झाला असता काय, येलेवर आनला असता तर?"

"कदाचित."

"कदाचित नको बोलू, बाय. हो बोल, नायतर नाय बोल."

त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर सुमनचं हृदय व्यवस्थित चाललं होतं.