गणपतच्या पुढं राव

“न्हाय! मशीन म्हणतंय, असा माणूसच न्हाय हितं!” आमचे साडू ओरडत होते, आणि ज्यांच्याबद्दल ओरडत होते ते कन्हेरीचे गणपतआबा त्यांच्या नाकासमोर उभे राहून, आपण खरंच आहोत की नाही अशा चेहऱ्यानं सदऱ्याची बटणं चाचपत होते. बाहेर इंदापूरकडून आलेला दुधाचा टँकर उन्हात तापत होता, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढीना, आणि आबांनी कॉम्प्युटरवर आवक नोंदवल्याशिवाय टँकरला नळी जोडायची नाही हा आमच्या डेअरीचा नियम. म्हणजे आबा नाहीत तर दूध नाही. आणखी थोडा वेळ असंच चाललं असतं तर बारामती एमआयडीसीत दह्याचा पाट वाहिला असता.

माणूस समोर उभा असताना त्याची चौकशी मशीनकडं करणारा दुसरा इसम उभ्या पुणे जिल्ह्यात झाला नसेल. साडू वरकुट्याचे, रोज मोटरसायकलवर येत आणि डेअरीतलं युनिक्सचं मशीन सांभाळत. त्यावर प्रत्येकाचं एक खातं असे. नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, की आत. नव्वदच्या दशकातल्या त्या दिवसांत साडूंनी पर्ल नावाच्या भाषेत एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. खात्याचं नाव दिलं की मशीन त्याचा नंबर, गट आणि घर, म्हणजे त्याच्या फायली कुठं राहतात ते, घडाघडा सांगे. झालं! दारात कुणी आलं की आधी मशीनला विचारायचं, मग चहा सांगायचा. धाकट्या मेव्हणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी घर, गट आणि नंबर एवढंच विचारलं. पोरानं शेताचा गट नंबर सांगितला, आणि दोघांचंही समाधान झालं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण लग्न जमलं.

तर त्या सोमवारी मी चाचरत विचारलं, “पावणं, आबांच्या खात्याला तुमीच हात लावलाय का?”

साडूंनी कपाळावर हात मारला. शनिवारी त्यांना साक्षात्कार झाला होता, की एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला मशीननं नुसतं ‘गणपत’ म्हणणं बरं नव्हे. त्यांनी खात्याचं नावच ‘गणपतराव’ करून टाकलं. कुणाला सांगितलं नाही, कारण “मान काय दवंडी पिटून देत्यात व्हय?” आणि रविवारी भाचीच्या बारशात स्वतःच विसरले.

“आबा, गणपतराव टाका, म्हंजी उघडंल.”

आबांनी हात पाठीमागं घेतले. “माझ्या हातानं मलाच राव म्हनू? लोक तोंडात शेण घालत्याल.”

“मग पहिलं नाव परत द्या की, पावणं,” मी म्हणालो.

“दिलेला मान काढून घिऊ? त्यांच्या देखत?”

दोन भली माणसं, मध्ये एक टँकर. कुणाच्या पाया पडावं तेच मला समजेना. शेवटी साडू उठले, आबांच्या टेबलाशी वाकून स्वतः ‘गणपतराव’ टाकलं आणि पासवर्डासाठी मान वळवून उभे राहिले. दूध वाचलं.

पण दोघांपैकी एकही मागं हटला नाही. त्यामुळं रोज सकाळी साडू हेल्मेटसुद्धा न काढता आधी आबांकडं जात, नाव टाकत आणि म्हणत, “या, गणपतराव!” आबा रोज नव्यानं लाजत. मग चहा, मग उसाच्या लागणीची चर्चा. हे कॉम्प्युटरचं काम आहे की देवपूजा, याचा उलगडा मला कधीच झाला नाही.

पुढं साडूंना पुण्यात नोकरी लागली. नवा इंजिनिअर आला आणि त्यानं आबांचं नाव पहिल्यासारखं करून टाकलं.

“बरं झालं, आबा,” मी म्हणालो. “आता नाव टाकायला कुणाची वाट बघायला नको.”

आबांनी एका बोटानं ‘गणपत’ टाकलं.

“व्हय,” ते म्हणाले. “आता कुणी येत न्हाय.”