खालची बाजू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय आणि — खरं सांगू? — सुरुवात केल्याकेल्याच जरा हलकं वाटतंय.

आणीबाणीच्या आसपासची गोष्ट. सोलापूरच्या एका शाळेत मी नववीला गणित शिकवायचो. असमीकरणांचे आलेख तेव्हा आम्हा मास्तरांनाही नवेच. रेषा काढायची आणि तिच्या कुठल्या बाजूला रेघा मारायच्या ते ठरवायचं. त्यासाठी मे महिन्यात आमचं प्रशिक्षण झालं — पण नेमक्या त्या तासाला मी आमरसाचं जेवण जेवून डुलक्या काढल्या. मग वर्गात स्वतःचाच नियम ठोकून दिला. ‘पेक्षा मोठे’ असेल तर वर, ‘पेक्षा लहान’ असेल तर खाली. मुलं तो पाढ्यासारखा म्हणायची. मला केवढा अभिमान!

पद्मा त्याच वर्गातली. वडील हातमागावर कामाला, घरात तेलुगू, आणि गणित म्हणजे तिचा जीव की प्राण. मी फळ्यावर ‘क्ष वजा य, दोनपेक्षा मोठे’ दिलं. तिनं रेषेच्या खाली रेघा मारल्या. मी म्हटलं, चूक.

“वरच्या बाजूला शून्य-शून्य बिंदू येतोय सर, घालून बघा की. बसत न्हाई.”

सगळा वर्ग हसला — कारण आधी मी हसलो. डस्टर तिच्याच हातात दिलं आणि पुसायला लावलं.

मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी घालून बघितलं. शून्यातून शून्य गेलं, राहिलं शून्य. ते दोनपेक्षा मोठं कसं असेल? पोरीचंच बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं नसतं का? एक वाक्य तर होतं. नाही सांगितलं. मास्तरकीची ऐट आड आली. पण खरी गोष्ट याच्याही पुढची आहे —

आठवड्याभरानं तिला पुन्हा फळ्याशी बोलावलं. उदाहरण तसंच. मनात म्हटलं, आता तिनं खाली रेघा मारल्या की शाबास म्हणायचं आणि मिटवून टाकायचं. तिनं रेषा काढली. खडू खाली गेला. थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं — आणि वर रेघा मारल्या.

मी म्हणालो, “बरोबर.”

माहीत असून म्हणालो. त्यानंतर तिनं कधी काही घालून बघितलं नाही. मी लिहीन ते मुकाट्यानं उतरवून घ्यायची. अकरावीला गणित घेतलंच नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांना मात्र मी ‘शून्य घालून बघा’ असंच शिकवलं, जणू माझीच युक्ती.

झालं. निघालं एकदाचं तोंडून. सुटलो.

खालची बाजू बरोबर होती.