पस्तीस ग्रेन शिसं

मार्लिस "एका हिवाळ्यापुरती" म्हणून बापाकडे राहायला आली होती. आई आजारी होती, मग आई गेली, हिवाळाही गेला, आणि त्याला आता एकोणीस वर्षं झाली. कसला हिवाळा म्हणायचा हा! ती आता त्रेपन्नची आहे आणि तिचा बाप आर्वो एक्क्याऐंशीचा, ठणठणीत. घर डांबरी रस्त्यापासून दोन मैल आत. नोव्हेंबरात बर्फ पडला की एप्रिलपर्यंत त्या घरात दोघंच, आणि तिसरं घड्याळ.

आर्वोचं धनुष्य लाकडाचं आणि बाणही लाकडाचे. चाकं लावलेल्या नव्या धनुष्यांना तो "सायकली" म्हणतो आणि ती घेऊन फिरणाऱ्या पोरांना "घंटी वाजव रे" म्हणून ओरडतो. त्याच्या बाणांचं सगळं मार्लिस बघते. हरणाला मारायचं धारदार पातं एकशे साठ ग्रेनचं, म्हणजे साधारण दहा ग्रॅमचं. ती धार सरावात बोथट करायची नसते, म्हणून उन्हाळाभर साधी टोकं लावून गवताच्या गठ्ठ्यावर मारायचं. पण टोक आणि पातं एकाच वजनाचं हवं, नाहीतर हाताला सवय एकाची आणि शिकारीला दुसरंच. आर्वोच्या दांड्यांना बसणारी टोकं मिळतात सव्वाशेची. उरलेलं पस्तीस ग्रेन शिसं मार्लिस काट्यावर तोलून टोकाच्या पोकळीत बसवते आणि वरून गरम सरसाने टोक दांड्यावर चिकटवते. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. आर्वोच्या बोटांना हे बारीक काम आता होत नाही.

आणि याच आर्वोने चर्चमध्ये कॉफी पिताना वीस माणसांसमोर सांगून ठेवलं होतं, "पंधरा पावलांवरचं हरीण ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी धनुष्य खुंटीला. मग मला गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरात टाका, मी हूं की चूं करणार नाही."

मी मार्लिसची मैत्रीण, माझी हॉटन गावात बेकरी आहे. माझे गुडघे गेलेत. वर दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि वेलदोड्याचा पाव मार्लिससारखा आमच्या अख्ख्या जिल्ह्यात कुणाला जमत नाही. मी तिला म्हटलं होतं, नाताळपर्यंत ये, भागीदार हो, नाहीतर मला दुसरी कुणी बघावी लागेल. बापाला ती पा म्हणते; दर वेळी एकच रड, "पांना कसं सोडू?" शेवटी मे महिन्यात तिच्या स्वयंपाकघरात बसून मी बोलून गेले, "यंदा शिसं घालू नकोस."

तिच्या हातातला चिमटा तिथेच थांबला. "काय म्हणालीस?"

"ऐकलंस की. हलक्या टोकांवर हात बसेल, ऑक्टोबरात जड पातं लावलं की बाण उजवीकडे आणि खाली जाईल. चुकेल म्हातारा. सुटलीस!"

"आणि चुकला नाही, पोटात लागला तर? दोन दिवस तडफडेल ते जनावर, सेल्मा."

"अगं, चार बोटांचा तर फरक."

"चार बोटांतच फुप्फुस आणि पोट असतं, बाई."

खरं होतं तिचं. आमच्याकडे हरीण चुकलं तर माणसं हसतात, पण पोटात बाण मारून जखमी सोडणाऱ्याशी कुणी नीट बोलत नाही. पण मला रागच आला होता. "मग बस इथेच, स्वतःचं लोणचं घालून," म्हणाले आणि दार आपटून निघाले. जीभ हासडायला हवी होती माझी.

जुलैत तिचा फोन आला. आवाज इतका खाली की मला दोनदा विचारावं लागलं. "नाही घातलं," ती म्हणाली.

त्यानंतर ती वाळतच गेली. रोज संध्याकाळी अंगणातून बापाची हाक यायची, "बघ पोरी, सहाचे सहा एका बशीत!" आणि ही जाऊन बाण उपसून आणायची. सप्टेंबरात तिला सगळं परत नीट करायचं होतं. पण कसं करणार? हात तर हलक्या टोकांवर बसलेला. आता सांगितल्याशिवाय दुरुस्ती नाही, आणि सांगायचं कुठल्या तोंडाने? इकडे आड, तिकडे विहीर. "तीन आठवडे राहिलेत, गप्प बस," हा सल्लाही माझाच.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी दुपारी मी गाडी काढून गेले. अंगणातल्या मेपलला हरीण टांगलेलं होतं. एकच बाण, दोन्ही फुप्फुसांतून आरपार. जनावराचे हाल झाले नाहीत म्हणून आधी बरं वाटलं, आणि मग आठवलं, मार्लिसचं काय?

"ये ये, सेल्मा! काळीज तळतेय पोरगी, बस," आर्वो आत ताटावरून म्हणाला. मार्लिस आमच्याकडे पाठ करून शेगडीशी उभी होती.

"विचार, नेम कुठं धरला होता," तो म्हणाला.

"कुठं धरलात?"

"डावीकडे चार बोटं, आणि जरा वर." त्याने सावकाश घास चावला. "जूनमध्येच बाण हाताला हलका लागला. मग वाफेच्या न्हाणीघरामागच्या वाळूच्या ढिगात दोन पाती मारून बघितली. त्यानंतर पोरगी बाजाराला गेली की पात्यांवरच सराव. धार लावायला बोटं नाजूक लागत नाहीत."

"आर्वोकाका, चार महिने माहीत होतं आणि एका शब्दाने बोलला नाहीत? ती झुरत होती तुमच्यासमोर!"

"काय बोलायचं? माझीच पोर आहे. होते चूक माणसाकडून." इतक्या मायेने बोलला की माझ्या अंगावर काटा आला. "मी चर्चमध्ये कुणाला सांगणार नाही. तूही नको सांगूस."

"कल्पना माझी होती," मी म्हणाले.

"असेल. टोकं तिने लावली."

मला राहवेना. मी उठले. "मार्लिस, खोल्या अजून रिकाम्या आहेत. गाडी बाहेर उभी आहे. अंगावरच्या कपड्यानिशी चल."

आर्वोने काटाचमचा खाली ठेवला. "विचार की तिला. मी काय दोरीने बांधलंय? काय गं, जायचंय का तुला?"

मे महिन्यात हे त्याने विचारलं असतं, तर ती रडली असती, भांडली असती, कदाचित माझ्यासोबत निघालीही असती. पण आता त्याने तिला माफ केलं होतं. तिने कढईतले तुकडे उलटले. मान वर केली नाही.

"नाही, पा," ती म्हणाली. "अजून वाढू?"