मर्डिनाचा शेवटचा डोंगर

मर्डिना मकास्किलने चौतीस वर्षं आमच्या खोऱ्यात टपालाची गाडी चालवली. दारात उभ्याउभ्या चहा घ्यायची, पण डोळे सारखे वर, ढग कुठल्या डोंगरावर बसलाय ते बघत. देशातले तीन हजार फुटांवरचे दोनशे ब्याऐंशी डोंगर चढायचे, हे तिने तिशीत ठरवलं. शनिवार तेवढा तिचा. रविवार देवाचा, त्या दिवशी आमच्याकडे दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत. म्हणून छत्तीस वर्षं लागली.

शेवटचा तिने आपल्याच खोऱ्यातला राखून ठेवला होता. बेन उअन, रस्त्यापासून नऊ मैल आत. मंगळवारी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर डोंगर बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे हाच शनिवार.

वाट दाखवायला मी होतो. बेन उअनवर मी चाळीस वर्षं मेंढ्या राखल्यात. डोळे मिटून चढेन, असं आदल्या दिवशी सगळ्यांना ऐकवलंही होतं. धुक्याने ती वेळ आणलीच.

टोकाची खूण म्हणून रचतात तशी दगडांची रास लागली. तिच्याबरोबर आलेल्या आम्ही सहा जणांनी, शेवटच्या डोंगराच्या रीतीप्रमाणे, काठ्या उंच धरून कमान केली. मर्डिना खालून गेली, राशीवर हात ठेवला. व्हिस्की फिरली, तिच्या बहिणीने, इशबेलने, केक कापला.

शेवटचा घोट माझ्या घशात असताना धुकं फाटलं. समोर, खिंडीपलीकडे, दुसरी रास. आमच्याहून उंचावर.

"फरकर, ते काय आहे?" मर्डिनाने विचारलं.

"बेन उअन."

"आणि हे?"

"हेही. जरा अलीकडचं."

"चाळीस वर्षं मेंढ्या कुठे चारल्यास रे? चर्चच्या मागे?"

"मेंढ्या टोकावर जात नाहीत. गवत नसतं तिथे."

"टोक कुठे आहे ते त्यांना तरी माहीत होतं. त्यांनाच आणायला हवं होतं."

इशबेल म्हणाली, "अगं, गुडघा बघ, पावासारखा फुगलाय. हात टेकलास, झालं. कुणाला कळणार आहे?"

"मंगळवारी टेबलावर पडल्या-पडल्या मला हेच आठवेल, इशबेल. काठी दे."

खिंडीत ती बसूनच उतरली, ओल्या गवतावरून घसरत. घसरताना तिने मला जी नावं ठेवली, ती लिहिण्यासारखी नाहीत. पलीकडच्या चढावर एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. शेवटच्या वीस पावलांवर तिने हात काढून घेतला.

"आता सोड. इथून माझी मी जाईन."

पुन्हा कमान झाली. व्हिस्की संपली होती, म्हणून गार चहा. तिने राशीवर दोन्ही हात ठेवले, मग टेकून बसली आणि चारी दिशांच्या डोंगरांकडे एकेक करून बघत राहिली, पाकिटावरचे पत्ते वाचावेत तशी.

गुडघा आता बरा आहे. डोंगर सुटले, जीभ मात्र चालते. घरी कुणी आलं की खिडकीतून डोंगराचा अलीकडचा उंचवटा दाखवते, "ते फरकरचं टोक." आता सगळं खोरं तसंच म्हणतं. माझी काही तक्रार नाही. आमच्या घराण्यात आजवर कुणाच्याच नावाचं टोक नव्हतं.