राणीच्या बागेतला नेमका वड

माझ्या धाकट्या बहिणीला, यमुनेला, दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिसरे स्थळ टोकावड्याचे. मुलगा भायखळ्याला गिरणीत, राहायला दहाजणांची खोली. तिथे मुलगी कशी दाखवणार? मुलाच्या वडिलांनी निरोप धाडला : मंगळवारी बाराला राणीच्या बागेत या, वडाखाली बसू. साठ-बासष्ट सालची ही गोष्ट. आई, यमुना आणि मी निघालो.

आमच्या सापगावहून पहाटे बैलगाडीने आसनगाव, कल्याणला गाडी बदलून भायखळा. तुम्ही जाणार असाल तर पूर्वेला उतरा. पुढे दहा-पंधरा मिनिटांची चाल. शिदोरी न्या. आमच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी होती. रस्त्याला चाळी, कठड्यांवर वाळणारी लुगडी, मागे गिरण्यांची धुराडी. बागेपाशी घड्याळाचा मनोरा आणि दगडी हत्ती. यमुना हत्तीला हात लावायला थांबली.

"चल गो," आई म्हणाली. "परतताना बघ."

पहिल्या वडाखाली कोणी नव्हते. आम्ही बसलो. साडेबारा झाले. मग झुडपांपलीकडे मला दुसरा वड दिसला, त्याच्यामागे तिसरा.

आमच्या गावात वड एकच. टोकावड्याच्या त्या म्हाताऱ्यांच्या पाहण्यातही एकच असणार. "वडाखाली" म्हटल्यावर पुढे विचारायचे असते, हे दोन्हीकडे कुणाला सुचले नव्हते.

माळ्याला विचारले. "वड? कंचा पायजे?" तो पाण्याची झारी ठेवत म्हणाला. "इतकी वर्षं पाणी घालतोय, मोजायचं राहिलंच बघा."

एक वाजला. मुलाची पाळी तीनला होती. मी दोन वडांपर्यंत धावत जाऊन आलो. एकाखाली कारकून डबे खात होते, दुसऱ्याखाली शाळेची मुले.

"ते समजतील आमी मागं फिरलो," आई म्हणाली. "तिसरं पन गेलं तर चौथा कोन येनार हाय दारात?" यमुना पदराचे टोक पिळत होती. दूर कुठेतरी वाघ ओरडला. तिने मान वळवली नाही.

मी पुन्हा निघालो, तशी यमुनेला घेऊन आईही उठली. "अनोळखी तोंडं काय वळखनार तू? वहाना बघ."

आमच्याकडे वडाखाली देव असतो. सावलीत पाय टाकण्याआधी माणूस वहाणा काढतो. मुंबईत त्या वडांखाली सगळे पायताणासकट बसले होते.

पिंजऱ्यांच्या मागे, पाचव्या वडापाशी, सावलीच्या कडेला उन्हात चार जोड ओळीने ठेवलेले दिसले. तीन गावच्या वहाणा. चौथे पॉलिश केलेले बूट. तेव्हा दोन वाजत आले होते.

"आमी म्हटलं, आता नाय येत तुमी," मुलाची आई म्हणाली. आईने आपल्या वहाणा त्या ओळीत ठेवल्या.

मुलाकडे अर्धा तास होता. त्याने यमुनेला विचारले, "वाघ बघितला का?"

"नाय. वड बघितले. सगले."

मुलाचे वडील खाली बघून हसले.

बागेला अख्खा दिवस द्या. आम्ही धड काहीच पाहिले नाही. वाघ मी पुढे भाच्यांबरोबर पाहिला. टोकावड्याचा होकार चौथ्या दिवशी आला, पण आमच्या घरचा त्याच संध्याकाळी ठरला होता. बैलगाडीतून उतरताना शेजारच्या काकूंनी विचारले, "काय बघितलं गो म्हमईला?"

"बूट," आई म्हणाली. "सावलीभायेर काढलेलं."